कच्ची कॅसेट

उन्हाळ्याच्या सुरुवातीला तुम्ही दोघांनी मला एका गाण्याची लिंक पाठवलीत आणि खाली लिहिलंत, "आजी, हा तुझ्या तासगावचा आहे. आम्हाला याचा ठेका फार आवडतो, पण शब्द कळत नाहीत. सांगशील का?" तासगाव माझं नाही. सांगलीहून एस.टी.नं पाऊण तास लागतो. पण तुमच्याकडून, इतक्या लांबून पाहिलं तर एवढा फरक दिसत नसणार.

मी कॉलेजात चोवीस वर्षं इंग्रजी शिकवलं. पुस्तक मधूनच उघडणाऱ्या मुलांना मी वर्गात उभं करत असे. त्यामुळे तुम्ही पाठवलेलं गाणं तसंच ठेवलं आणि आधी त्या मुलाच्या सगळ्या अल्बमांची यादी काढली. अकरा निघाले. एक दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले. डावीकडे अल्बम, मध्ये गाण्यांची नावं, उजवीकडे काय ऐकू आलं ते. रोज सकाळी नाश्ता झाला की एक तास, असं ठरवलं.

त्या मुलाचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात त्याचा दोष नाही. तो गात नाही, हे मला तुम्हीच व्हिडिओ कॉलवर समजावलंत. शब्द लिहिणारी आणि बोलणारी मुलं वेगळी, हा खालचं सगळं रचतो. कुठलातरी जुना आवाज घ्यायचा, त्याचा तुकडा कापायचा आणि तोच पुन्हा पुन्हा लावायचा, ही त्याची रीत. ही गोष्ट मला लगेच पटली. वर्गात एकच वाक्य साठ मुलांकडून म्हणवून घेतलं की विसाव्या मुलापाशी त्यातला अर्थ जातो आणि नुसता नाद उरतो, हे मी अनुभवलेलं होतं.

पहिल्या अल्बममध्ये सहा तुकडे होते आणि एकही शब्द नव्हता. उजव्या रकान्यात मी "खडखडाट" असं सहा वेळा लिहिलं. तिसऱ्यांदा ऐकताना हात थांबला. तो खडखडाट माझ्या ओळखीचा होता. बेदाणा लहान-मोठा वेगळा करायच्या यंत्राच्या चाळण्या हलतात, तो आवाज. तासगावात माझी एक मैत्रीण होती, तिच्या घराला लागून अशी शेड होती आणि त्या आवाजापायी आम्ही खिडकी लावून गप्पा मारायचो. त्याला ठेका होता, हे मला शहात्तराव्या वर्षी कळलं. मला धक्काच बसला, आणि थोडी शरमही वाटली.

दुसरा अल्बम एस.टी.चा. कंडक्टरची दोनदा वाजलेली घंटी, चढावर गिअर बदलताना गाडीनं टाकलेला उसासा, आणि स्टँडवरच्या सूचनेतला एकच शब्द, "जाणारी, जाणारी, जाणारी". गावाचं नाव कापून टाकलेलं. कुठे जाणारी ते शेवटपर्यंत सांगत नाही. मी दोनदा ऐकला.

तिसऱ्यापासून शब्द सुरू झाले, आणि शिव्याही. मी शिस्तीनं प्रत्येक शिवीला समासात एक रेघ मारायला घेतली. दुसऱ्या गाण्याला समास भरला म्हणून सोडून दिलं. त्यातल्या निम्म्या ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यावर कानावर पडलेल्या होत्या, उरलेल्या मला नव्या होत्या. त्यांचा अर्थ मी सांगणार नाही. तुमच्या बाबांना विचारा, ते कऱ्हाडला हॉस्टेलवर राहिलेले आहेत. पण त्या शिव्यांच्या मध्ये एक मुलगा आपल्या वडिलांबद्दल बोलतो. ते फौजेतून निवृत्त होऊन आले आणि आता पुण्यात एका एटीएमबाहेर खुर्चीवर बसतात. "छातीवर मेडल हुतं, आता खिशाला नावाची पट्टी," असं तो म्हणतो. मी वहीत त्याच्यापुढे बरोबरची खूण केली. सवयच ती.

पुढच्या अल्बमांत साखर कारखान्याचा भोंगा, इतका मंद केलेला की एखादं मोठं जनावर हंबरतंय असं वाटावं. लग्नाच्या बँडमधला बेसूर पिपाणीवाला. कोंबड्यांना हाकारणारी एक बाई. सातव्या अल्बमातलं तुमचं गाणं. त्याचे अर्थ मी तुम्हाला वेगळे पाठवले आहेत, आणि "लय" म्हणजे फार, हे आता तरी विसरू नका. आठवा अल्बम चौदा मिनिटांचाच होता. मला त्या मुलाची सवय झाली होती. सकाळची वाट पाहायला लागले होते.

नवव्या अल्बममधलं तिसरं गाणं. नाव "पुन्यांदा", म्हणजे पुन्हा एकदा.

आधी जुन्या कॅसेटची खरखर. मग "खक्, खक्", जरा थांबून पुन्हा "खक्". त्याच लयीवर हलगी सुरू होते. मग एका तरुण बाईचा आवाज.

"आवं, मी बोलतीया. आत्ती लय आजारी हायत. अन्न पोटात ठरंना. सारखं तुमचं नाव घेत्यात. सुट्टी काढून या."

लगेच दुसरा आवाज, वरच्या पट्टीतला, स्वच्छ.

"थांब. हे नको. पुन्हा बोल."

"काय म्हनू मग?"

"खोकला आहे म्हण. जरा खोकला आहे, औषध चालू आहे."

"जरा?"

"हो. जरा."

मग हलगी वाढत जाते आणि "हे नको, पुन्हा बोल, हे नको, पुन्हा बोल" असं तो आवाज म्हणतच राहतो. मध्येच ती तरुण बाई विचारते, "जरा?"

तो दुसरा आवाज माझा होता. पहिला माझ्या धाकट्या जावेचा. आणि ज्या "खक्, खक्"वर त्या मुलानं सगळं गाणं उभं केलं होतं, तो शेजारच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या माझ्या सासूबाईंचा खोकला होता.

वहीतला उजवा रकाना मी कोरा ठेवला.

तुम्हाला हे कधी कुणी सांगितलेलं नाही, म्हणून आधीपासून सांगते. माझं लग्न झालं तेव्हा आम्ही रहिमतपूरला एकत्र राहत होतो. तुमचे आजोबा साताऱ्याला नोकरीला जायचे, मी तिथल्याच हायस्कुलात शिकवायचे. धाकटे दीर फौजेत. एका सुट्टीत त्यांनी कँटीनमधून टेपरेकॉर्डर आणला आणि म्हणाले, "वैनी, हिला लिहाय येत न्हाई. हिला ह्येच्यात बोलाय लावा, कॅसेट धाडा. तिकडं मशीन हाय आमच्याकडं." आमच्या भागात तेव्हा ही रीतच पडली होती. कॅसेट कापडात शिवून पोस्टात टाकायची, उत्तर तिच्यावरच यायचं. गल्लीतल्या आणखी चार-पाच जणींचे नवरे सीमेवर होते, त्याही आमच्याकडे येऊन बोलायच्या.

मी पडले मास्तरीण. मुलांकडून निबंध आधी कच्चा लिहून घ्यायची, लाल शाईनं दुरुस्त करायची आणि मग पक्क्या वहीत उतरवून घ्यायची. तेच मी कॅसेटींचं केलं. एक कॅसेट कच्ची, तिच्यावर बाईनं मनात येईल ते बोलायचं. मी ऐकायचं, काय नको ते सांगायचं. मग पक्की कॅसेट घालून नीट बोलायचं, आणि ती पाठवायची. कच्चीवर मी "आर" आणि पक्कीवर "एफ" अशी इंग्रजी अक्षरं लिहिली होती, रफ आणि फेअर. कच्चीचं काम चालू असताना मध्ये बोलायला मी मशीन बंदही करत नसे. ती कुठे कुणी ऐकणार होतं?

काय नको, याचा नियम सगळ्या फौजी घरांत एकच होता. सीमेवरच्या माणसाला काळजीचं कळवायचं नाही. तो तिथून काय करणार? घरी सगळे खुशाल. मीही तोच नियम लावला, आणि सासूबाई गंभीर असताना जावेच्या तोंडात "जरा खोकला" घातला. कॅसेट गेली. अठरा दिवसांनी सासूबाई गेल्या. तार केली, पण दीर पोचले तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं.

ते कुणाला काही बोलले नाहीत, बायकोला बोलले. "तुझ्या तोंडानं ऐकलंय मी. खोकला म्हनालीस." तिनं खाली पाहिलं. मी तिथेच ताटं मांडत होते. "तो शब्द माझा होता," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले नाही. त्याच वर्षी मला सांगलीच्या कॉलेजात नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. दीर सुभेदार होऊन निवृत्त झाले. दोघं एका घरात राहतात, पण कामापुरतं बोलतात. एका लग्नात कुणीतरी जावेला काही विचारलं, तर दीर बाजूनं म्हणाले, "तिला काय इचारताय? ती कवा खरं बोललीया?" ती म्हणाली, "खोटं कोन बोलतंय ते देवाला ठाव." पंगतीतली माणसं हसली. मीही हसले.

चाळीस वर्षं ती माझ्या शब्दापायी खोटारडी ठरली होती, आणि हे मला ठाऊक होतं. आता ते गाण्यात होतं.

गाण्याखाली लोकांनी लिहिलेलं वाचायला मला दोन दिवस लागले. "ही मास्तरीण कोन हाय रं?" "आमची हेडमास्तरीण सेम." "हिला कच्ची खाल्ली असती मी." एकानं त्या "हे नको, पुन्हा बोल" वर नाचतानाचा आपला व्हिडिओ टाकला होता. आणि सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं वाक्य, वेगवेगळ्या मुलांचं, तेच ते: "गड्या, त्यो आला का मग?"

मी खरं ते सांगते. माझ्या मनात पहिल्यांदा जाव आली नाही. पहिल्यांदा आलं ते हे, की दिरांचा नातू असलीच गाणी ऐकतो. आज ना उद्या तो हे घरात लावणार. त्याआधी ते काढून टाकायला हवं. मी वही पिशवीत घातली आणि तासगावची एस.टी. धरली.

पत्ता शोधणं अवघड गेलं नाही. त्याच्या मामाची बेदाण्याची शेड आहे, तिच्या मागे त्याची खोली. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले. त्याचे वडील आणि आजोबा रेडिओ-टेप दुरुस्तीचं काम करायचे, त्यांची जुनी यंत्रं एका फळीवर रांगेत. तो पंचविशीचा, किडकिडीत, दारात बसून भाकरी खात होता. मी विचारलं, "इथे संगीत करणारा मुलगा राहतो का?"

त्याचा घास हातातच राहिला. तो माझ्याकडे बघत राहिला.

"आज्जी," तो म्हणाला, "पुन्यांदा बोला."

"मी विचारलं, इथे—"

"अम्मी," त्यानं आत हाक मारली, "भाईर ये. कॅसेटवाली आज्जी आलीया."

त्याच्या आईनं मला खुर्ची दिली. ती पाणी आणायला गेली तोवर तो हात धुऊन आला आणि समोर जमिनीवर बसला. म्हणाला, उंब्रजच्या एका भंगारवाल्याकडून पोतंभर कॅसेटी घेतल्या होत्या, त्यात ही होती. "वर नाव न्हाई, गाव न्हाई. नुसतं इंग्लिश आर. मला वाटलं कंपनीचं असंल काय तर. तुमास्नी लय हुडकलं आमी." दिरांनी तीन-चार वर्षांपूर्वी जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं, तेव्हा माळ्यावरचं सामान भंगारात गेलं होतं. तेव्हाच ही गेली असणार.

मी माझा मुद्दा मांडला. ते गाणं काढून टाक. तो आवाज माझा आहे, मला न विचारता वापरलास.

"काढतो," तो म्हणाला. "तुमचं हाय त्ये. आत्ता काढतो." फोन हातात घेतला. मग खाली ठेवला. "पर आज्जी, एक सांगा. त्यो आला का?"

"आला. तेराव्यानंतर."

त्याची आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

"म्हंजे त्या गेल्या?" त्यानं विचारलं.

"गेल्या. तू ज्याच्यावर ठेका धरलास ना, तो त्यांचाच खोकला."

"मला वाटलं कोन तर कवाड वाजवतंय," तो म्हणाला. "आईशपथ आज्जी, कवाड वाटलं मला."

त्याची आई त्याला म्हणाली, "काढ ते, काढ आधी."

"काढतो गं." मग तो माझ्याकडे वळला आणि जरा चाचरत म्हणाला, "तुमी पुढचं ऐकलंय का?"

"पुढचं काय? तिथेच संपतं. मग आम्ही पक्की केली."

"न्हाई. हाय अजून. मी त्ये गाण्यात घेतलं न्हाई. लय खाजगी वाटलं."

त्यानं एक यंत्र उघडलं, कॅसेट घातली. माझं अक्षर मला लांबूनच दिसलं, निळ्या शाईतला "आर", शेपटीला वळण दिलेला. माझा आणि जावेचा तो संवाद झाला, मग खट्, मग थोडी खरखर, पुन्हा खट्. आणि जावेचा आवाज, अगदी यंत्राला तोंड लावून, घाईघाईनं.

"आवं, ऐका. ताई दूध बघाय गेल्यात. खोकला न्हाई नुसता. डाक्टर म्हनला, लांबच्यास्नी बोलवून घ्या. मी सांगितलं असं कुनाला सांगू नगा. पर तुमी या. ही कॅसेट मिळाली की निघा. मी वाट बघतीया."

खट्.

काय झालं होतं ते एका क्षणात कळलं, आणि ते कळायला चाळीस वर्षं का लागली हेही. पक्की करून झाल्यावर मी ती डबीत घातली होती आणि पुढच्या बाईसाठी कच्ची पुन्हा यंत्रात बसवून ठेवली होती. टापटीप. मग दूध उतू जाईल म्हणून आत गेले. तिनं ती दोन बटणं मला दाबताना शंभरदा पाहिली होती. यंत्रात जी होती तीच पाठवायची, असं समजून ती बोलली. दोन्ही कॅसेटी एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या. फरक फक्त माझ्या अक्षरात होता.

म्हणजे तिनं सांगितलं होतं. तिच्या समजुतीप्रमाणे त्यानं ते ऐकलं, तरी तो आला नाही, आणि वर तिलाच खोटारडी म्हणाला. त्याच्या समजुतीप्रमाणे तिनं त्याच्यापासून लपवलं, आणि एकांतात विचारल्यावर "मी सांगितलं हुतं" म्हणून खोटं रेटत राहिली. "देवाला ठाव" ती कशाला म्हणाली होती, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. आणि हे दोघांपैकी कुणीच चारचौघांत उलगडून बोलणार नव्हतं, कारण ती माझ्या मागे चोरून बोलली होती.

मी त्या मुलाला सांगितलं, "काढू नकोस अजून. हे दोन्ही भाग माझ्या फोनवर घालून दे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी रहिमतपूरला गेले. कळवलं नव्हतं. दीर ओट्यावर पेपर वाचत होते, जाव शेजारी भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मला बघून तिनं पदर सावरला. "ताई? एकट्याच आलाय? काय झालं?"

मी पाणीही घेतलं नाही. घेतलं असतं तर पुन्हा मागे सरले असते. उभ्यानंच म्हणाले, "भाऊजी, त्या कॅसेटवरचा 'खोकला' हा शब्द माझा होता. हिनं आधी खरं सांगितलं होतं. मी तिला बदलायला लावलं."

दिरांनी चष्मा काढला. तोफखान्यात होते, डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही. उजवा कान पुढे करून म्हणाले, "काय म्हनला, वैनी?"

मी पुन्हा सांगायच्या भानगडीत पडले नाही. फोन त्यांच्या उजव्या कानाला लावला. गाणं नाही, मूळ कॅसेट लावली.

खोकला सुरू झाला तसे ते ताठ झाले. जावेचं बोलणं झालं, माझं झालं. ते त्यातलं काहीच ऐकत नव्हते. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "आई हाय ही."

"हो."

"मागं घ्या जरा."

मी मागे घेतलं. ते फक्त खोकला ऐकत होते. तिसऱ्यांदा मागे घ्यायला सांगितलं. जावेच्या सुपातल्या शेंगा तशाच राहिल्या होत्या. मग मी म्हणाले, "भाऊजी, पुढे ऐका," आणि आवाज मोठा केला, तिलाही ऐकू जाईल एवढा.

"आवं, ऐका. ताई दूध बघाय गेल्यात."

जाव उठून उभी राहिली. सूप कलंडलं. पंचविशीतला आपला आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती, आणि तो काय बोलणार ते तिला पाठ होतं. तिचे ओठ हलत होते.

संपल्यावर दीर आत गेले. ट्रंकेची कडी वाजली. बाहेर आले तेव्हा हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कॅसेट होती. तिच्यावर माझ्या अक्षरात "एफ". त्यांनी ती ओट्यावर फोनच्या शेजारी ठेवली.

"मी ही ठिवली हुती," ते बायकोला म्हणाले. "तू खोटं बोललीस, त्याचा पुरावा म्हनून."

"मला वाटलं, तुमी ऐकून बी आला न्हाईत," ती म्हणाली. "आन वर मलाच."

"मला ह्ये मिळालंच न्हाई गं."

"म्हंजे ही गेलीच न्हाई?" हे तिनं मला विचारलं.

मी तिला कच्ची आणि पक्की समजावून सांगितली. तेव्हाही सांगितली होती, पण तिच्याकडे एवढं बघून नाही. तिनं ती कॅसेट उचलली, वरचं अक्षर बोटानं चाचपलं.

"ह्ये काय लिवलंय?"

"एफ. इंग्रजीत. म्हणजे पक्की."

"घरात इंग्लिश वाचनारं तुमच्याबिगर कोन हुतं, ताई?"

मी आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारले आहेत. इतका साधा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. ती अक्षरं मी माझ्यासाठीच लिहिली होती. आणखी कुणाला ती वाचावी लागतील असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

तिनं कॅसेट ओट्यावर ठेवली. खाली बसून सांडलेल्या शेंगा गोळा करायला लागली. दीरही तिच्याशेजारी बसले आणि गोळा करायला लागले. मी त्यांना बसताना पाहिलं, गुडघा धरून, हळू. मदत करायला मी वाकले, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या."

निघताना मी विचारलं, की तो मुलगा गाणं काढून टाकायला तयार आहे, सांगू का त्याला? दीर तिच्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, "काढायचं कशाला? एवढ्या लोकांनी ऐकलंय नव्हं? त्येंनी बी मला खोकल्यावरच सोडलंय. पुढचं बी लाव म्हनावं त्येला."

"त्यात माझाही आवाज राहील," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या की," ती म्हणाली. "तुमीच बोलला हुता."

त्या मुलानं नवीन गाणं दहा दिवसांत केलं. त्याला मी काही सुचवलं नव्हतं, पण सासूबाईंच्या खोकल्याखालची हलगी त्यानं काढून टाकली आहे. खोकला आता नुसता ऐकू येतो. माझा आवाज आहे तसाच आहे, वरच्या पट्टीतला. मग दोन खट्, आणि तिचं बोलणं सगळं, शेवटच्या शब्दापर्यंत. त्यानंतर मिनिटभर काहीच नाही. खाली मुलांनी पुन्हा लिहायला सुरुवात केली आहे. माझ्याविषयी काय लिहितात ते तुम्ही वाचलंत तरी चालेल. त्यातलं बरंचसं बरोबर आहे.

दहावा आणि अकरावा अल्बम अजून ऐकायचे राहिले आहेत. ऐकवत नाही.

काल रहिमतपूरला फोन केला. दिरांनी उचलला. म्हटलं, तिला द्या. ते तिला म्हणाले, "ताई हायत. बोलतीस का?" मागून तिचं उत्तर मला स्पष्ट ऐकू आलं, "सांगा, भांडी घासतीया." दिरांनी तेच मला पुन्हा सांगितलं. मी बरं म्हणाले. त्यांनी फोन ठेवला, पण नीट बंद झाला नव्हता. ती दोघं कशावरून तरी बोलत होती, मिरच्या कुठल्या दुकानातून आणायच्या, असलं काहीतरी. मी थोडा वेळ ऐकलं आणि मग माझ्याकडून बंद केला.